उजवी बाजू

व्हिडिओत तुषारचं हेल्मेट डावीकडे वळलेलं होतं. एवढंच. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी सरितानं सवयीनं भावाचं स्टेटस बघितलं. निळी गाडी पुढचं चाक हवेत उचलून मागच्या एकाच चाकावर चालली होती, आधीपेक्षा जास्त वेळ, आधीपेक्षा स्थिर, आणि गाडीवरच्या तुषारचं डोकं डावीकडे होतं. तिनं व्हिडिओ पुन्हा पाहिला. मग पुन्हा लावून बोटानं मध्येच थांबवला. तो मागून काढलेला होता. मोबाईल दगडाला टेकवून ठेवला असावा, कारण चित्र जराही हलत नव्हतं आणि खालच्या कोपऱ्यात गवताचं एक पातं सारखं डुलत होतं. रस्त्याची उजवी कड, जिथं ती इतके रविवार उभी राहिली होती, रिकामी होती. डावी कड चौकटीच्या बाहेर गेली होती. तिथं काहीतरी आहे हे हेल्मेटवरून कळत होतं.

"भाऊ हिरो झाला की गं तुझा," शेजारी बसलेली संगिता तिच्या मोबाईलमध्ये डोकावून म्हणाली. डहाणू रोडच्या त्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत दोघी समोरासमोरच्या टेबलांवर काम करत. "पण हा बघतोय कुठं? रस्त्याकडं बघायचं सोडून?"

"वर गेल्यावर समोरचा रस्ता दिसत नाही. पेट्रोलची टाकी आणि आकाश दिसतं. बाजूला बघावं लागतं."

"बाजूला काय असतं?"

सरितानं डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "बाजूला कोणीतरी असतं," ती म्हणाली.

दुपारी ती नमुने तपासायला बसली. बोअरिंगच्या पाण्याचा कठीणपणा काढायचा म्हणजे उभ्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडत राहायचं आणि खालच्या चंबूतला लालसर रंग निळा होण्याची वाट बघायची. नवीन आलेल्या मुली निळा दिसल्यावर तोटी बंद करतात. तोवर एक थेंब जास्त पडलेला असतो. हात आधी आवळावा लागतो. रंगात लाल आणि निळ्याच्या मधलं काहीतरी, ज्याला नाव नाही, ते दिसू लागलं की लगेच. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं आणि तिनंही कोणाला सांगितलं नव्हतं. आज पहिल्याच चंबूत निळा रंग गडद झाला. तिनं तो ओतून टाकला आणि दुसरा घेतला. डोळ्यांपुढं सावली होती. व्हिडिओ बघताना तिला ती दिसली होती: गाडी दक्षिणेकडे चालली होती, आणि डावीकडून, म्हणजे पूर्वेकडून, डांबरावर एक बारीक लांब सावली आडवी आली होती. म्हणजे सकाळची वेळ. स्टेटस आजचं, म्हणजे रविवार नाही. कामावर जाण्याआधी तो गेला असणार. सावलीचा हात वर होता आणि बोटं पसरलेली होती. सरिता मूठ मिटून हात वर करत असे. पसरलेली बोटं दुरून हलल्यासारखी दिसतात, मूठ स्पष्ट दिसते. ज्या बाईला एवढंही माहीत नाही, तिच्याकडे बघत तो इतका वेळ वर कसा राहिला, हे तिला कळत नव्हतं. आणि ती बाईच आहे हे सावलीवरून कसं कळलं, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नाही.

गाडी आणली तेव्हा तो गावाहून, वेवजीहून, थेट तिच्या खोलीवर आला होता. दोनशे सीसीची, आधी कोणी वापरलेली, टाकीवर पुढं झुकून बसायची गाडी. "बाय, मला व्हीली शिकायचीय," तो दारातच म्हणाला. तिच्याहून बारा वर्षांनी लहान, तलासरीत कारखान्यात मशीनवर उभा राहणारा, पण तिच्या दारात आला की त्याचा आवाज शाळकरी पोराचा होई. "पोरं सांगतात, क्लच सोड, रेस दे, उचलते. उचलते पण पुढं काय ते कोणी सांगत नाही." पुढं काय ते तिनं सांगितलं. कॅलेंडरच्या पाठीवर दोन चाकं काढली, बसलेला माणूस काढला, त्या दोघांच्या मिळून वजनाचा बिंदू काढला आणि तो मागच्या चाकाच्या बरोबर वर आला की काय होतं ते दाखवलं. त्याच्या अलीकडे गाडी पुढं पडायला बघते, पलीकडे मागं. त्या एका जागी ती कुठंच पडायला बघत नाही. आणि पलीकडे गेलास तर रेस सोडून उपयोग नाही, उजवा पाय मागच्या ब्रेकवर पाहिजे. तो दाबला की पुढचं चाक खाली येतं. "पाय सतत ब्रेकवर. झोपेतसुद्धा." तो हसला होता. "झोपेत कोणता ब्रेक, बाय?"

मग वेवजीच्या घरी, अंगणातल्या चिंचेखाली, त्यांनी ती जागा शोधली. तुषार गाडीवर बसला. पुढच्या चाकाला दोर बांधून तो फांदीवरून टाकला, आणि दुसरं टोक बानं, त्यांच्या बापानं, दोन्ही हातांनी धरलं. बा आयुष्यभर ताडावर चढलेला माणूस, गुडघे गेल्यावर अंगणात बसून असायचा. दोर हातात आल्यावर त्याच्या मनगटांना जुनं काहीतरी आठवलं. तो ओढत गेला, गाडीचं तोंड उचलत गेलं, दोर ताठ, ताठ, आणि एका जागी दोर एकदम सैल पडला. गाडी तिथंच राहिली. आय पदर तोंडाशी धरून उंबऱ्यात उभी. बा सैल दोराकडे बघत हळूच म्हणाला, "आता त्याला कोनी धरला नाय." सरितानं तो कोन मोजला. मग बांबूच्या दोन कामट्या घेतल्या आणि त्याच कोनात खिळ्यानं ठोकल्या. खालची कामटी रस्त्याला समांतर धरायची, वरची कामटी म्हणजे ती जागा.

वेवजीच्या पलीकडे, अजून वाहतूक सुरू न झालेला नव्या रस्त्याचा एक सरळ तुकडा आहे. तिथं दर रविवारी सकाळी ती उजव्या कडेला उभी राहायची, कारण ब्रेकचा पाय उजवीकडे असतो. कामट्या डोळ्यासमोर धरायच्या, तो लांबून यायचा, तिच्या थोडं अलीकडे चाक उचलायचा, आणि उचलल्याबरोबर त्याचं डोकं तिच्याकडे वळायचं. काळ्या काचेआड डोळे दिसत नसत. पण तिच्याकडे बघितलं जात आहे हे तिला पोटात कळायचं. चाक कामटीला लागायच्या किंचित आधी ती मूठ वर करायची. आधी, कारण तिच्या डोळ्यापासून तिच्या हातापर्यंत, तिच्या हातापासून त्याच्या डोळ्यापर्यंत आणि त्याच्या डोळ्यापासून त्याच्या पायापर्यंत वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात चाक चढतच असतं. हे त्याला सांगायची गरज नव्हती. त्याला फक्त मूठ दिसली की पाय दाबायचा होता. "बाय, तू एकदा बस ना मागं, मग कळेल काय वाटतं," एकदा तो म्हणाला होता. "मला कळून काय करायचंय," ती म्हणाली होती. त्या रात्री मात्र खोलीवर खुर्चीत बसून तिनं खुर्ची मागच्या दोन पायांवर तोलून पाहिली, टाचा फरशीवर टेकवून, आणि तो क्षण येतोय असं वाटताच घाबरून पुढं पडली. जे तिनं मोजलं होतं तिथं ती कधी गेलेली नव्हती. तिथं तो जायचा आणि तिथून तिच्याकडे बघायचा. तेवढं पुरे होतं, असं तिला वाटत होतं.

सायकल शिकवतानाही असंच होतं. बाकीच्या पोरांना मागून कॅरिअर कधी सोडलं ते कळत नसे, ती पुढं जात राहत. तुषारला कळायचं. तिनं हात काढला की त्याच क्षणी तो मागं बघायचा आणि पडायचा. शेजारचे हसत. तिला मात्र त्याच्या पडण्यात एक गोड काहीतरी वाटायचं. फुटलेल्या गुडघ्यावर हळद दाबताना ती त्याला रागावायची आणि मनात म्हणायची, बघितलंस ना मागं.

संध्याकाळी तिनं फोन केला. ठरवलं होतं की आधी आयची तब्येत विचारायची.

"डावीकडे कोण होतं?" ती म्हणाली.

"कुठं डावीकडे?"

"व्हिडिओत."

पलीकडून हसू आलं. "तू पण ना बाय. पोलीस का नाही झालीस? रूपी आहे ती. मेडिकलमधली."

"कुठल्या मेडिकलमधली?"

"तलासरीत, काउंटरला असते. कोपर सोललं तेव्हा कापूस घ्यायला गेलो होतो. ती म्हणाली, हे गाडीवरून पडल्याचं नाही, हे गाडी तुझ्यावर पडल्याचं आहे." तो पुन्हा हसला.

"कोपर कधी सोललं?"

"झालं बरं आता."

"तिला डावीकडून तुझा पाय दिसतो का?"

"पाय कशाला दिसायला पाहिजे? मला ती दिसते ना."

फोन ठेवल्यावर ती खिडकीत उभी राहिली. खाली स्टेशनाकडून सुटलेली माणसं, रिक्षावाल्यांची ओरड, एका हातगाडीवर चिकूंचा ढीग आणि त्यावर भणभणणाऱ्या माश्या. तिनं स्वतःला समजावून पाहिलं. तो सव्वीस वर्षांचा आहे. मेडिकलमधली मुलगी म्हणजे चांगलं आहे, शिकलेली असेल. लग्न ठरलं तर आय किती दिवसांनी हसेल. ही सगळी वाक्यं बरोबर होती आणि त्यातल्या एकाचाही तिच्या छातीत चाललेल्या गोष्टीशी संबंध नव्हता. तिथं एकच चित्र होतं: काळी काच डावीकडे वळते. बायकांनी नवऱ्यावर जळावं, त्याला लोक निदान नाव देतात. बहिणीनं भावाच्या मान वळवण्यावर जळावं, हे कुठल्या खान्यात ठेवायचं? तिनं मोबाईल काढून सावली पुन्हा पाहिली. सावली बारीक होती. पण सकाळच्या उन्हात सगळ्यांच्याच सावल्या बारीक असतात, त्यावरून अंगाचा अंदाज करता येत नाही. तिनं तो तरीही केला.

रविवारी ती नेहमीपेक्षा आधीची बस धरून निघाली आणि तरी तिच्या आधी ती दोघं रस्त्यावर पोचलेली होती. रूपी ठेंगणी होती, पिवळ्या ड्रेसमध्ये, केसांना वेणी आणि पायात पांढरे बूट. ती पळतच आली.

"ताई! मला वाटलं तुम्ही उंच असाल."

"का?"

"हा सारखं सांगतो, बाय असं म्हणते, बाय तसं म्हणते. म्हणून वाटलं." तिनं पिशवीतून बाटली काढली. "पाणी घ्या. तुम्ही पाणी तपासता ना? हे आमच्या विहिरीचं आहे. तपासून सांगा, मी चांगल्या घरची आहे का."

तुषार मोठ्यानं हसला. सरिताही हसली, आणि हसताना तिला जाणवलं की मुलगी आवडण्यासारखी आहे, आणि त्यामुळे काहीच सोपं होत नाही. पाणी गोड होतं.

"मी इथं उभी राहते," ती म्हणाली आणि उजव्या कडेला आपल्या जागी गेली. तिथल्या गवताला तिच्या उभं राहण्याची सवय होती; ते दबलेलं होतं. रूपी पलीकडे डावीकडे जाऊन उभी राहिली. कोणी तसं ठरवलं नव्हतं. तुषारनं दोघींकडे पाहिलं, काच खाली ओढली आणि लांब गेला.

तो वळला, गाडीचा आवाज जवळ येत गेला. सरितानं कामट्या डोळ्यासमोर धरल्या. चाक उचललं, छान उचललं, एका दमात, आणि हेल्मेट तिच्याकडे वळलं. लगेच हेल्मेट डावीकडे गेलं. मग परत उजवीकडे. चाक वर चढत होतं आणि डोकं दोन कडांच्या मध्ये, वाट चुकल्यासारखं, जात-येत होतं, आणि खाली त्याचा उजवा पाय ब्रेकवरून घसरून नुसता लोंबत होता. तिनं मूठ वर केली. त्याच वेळी पलीकडेही हात वर झाला असावा. कोणाचा हात बघू या भानगडीत त्यानं रेसच सोडली, आणि पुढचं चाक धाडकन खाली आपटलं, हँडल थरथरलं, गाडी रस्त्याच्या कडेपर्यंत नागमोडी गेली आणि कशीबशी थांबली.

"अरे देवा!" रूपी धावली.

सरिता धावली नाही. तिच्या कानात बाचा आवाज होता. लहानपणी बा ताडावर चढला की ती खाली उभी राहायची. तो वरून हूं म्हणायचा, ती खालून हूं म्हणायची, तो उतरून जमिनीला पाय लावेपर्यंत. एकदा हौसेनं दोन-तीन चुलत भावंडंही आली आणि सगळ्यांनी मिळून हूं हूं सुरू केलं. बा अर्ध्यातून खाली आला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "खाली येकच मानूस पायजं. दोघं हाक मारत तं वरचा कोनाला आयकंल?" बाकीच्यांना त्यानं घरी पाठवलं. तिला ठेवलं.

तुषारनं हेल्मेट काढलं होतं. कपाळावर घाम, ओठ पांढरे. "काही नाही झालं," तो म्हणाला. "माझंच चुकलं."

"दोघींनी उभं राहायचं नाही," सरिता म्हणाली. "बा काय सांगायचा? एकच माणूस."

त्याला लगेच समजलं; तो खाली बघून काच पुसायला लागला. रूपीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "मग कोण, ताई?"

पुढं एका शेतातून कोणीतरी गुरं हाकत होतं. सरितानं तुषारच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानं म्हणावं, बाय. एक शब्द. तो काच पुसत राहिला, स्वच्छ झालेली काच पुन्हा पुसत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "तुम्हीच ठरवा ना."

म्हणजे ठरलेलं होतं. "तू," ती रूपीला म्हणाली. "पण डावीकडे नाही. इथं ये, उजवीकडे. पाय दिसायला पाहिजे. त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, पायाकडे आणि चाकाकडे." तिनं स्वतःच्या दबलेल्या गवतावर त्या मुलीला खांदे धरून उभं केलं. पिवळ्या कापडाखाली खांदे गरम होते. तिच्या हातात कामट्या दिल्या, खालची कशी धरायची ते दाखवलं. "मूठ मिटून हात वर करायचा. बोटं पसरायची नाहीत."

"आणि कधी करायचा?"

"चाक या वरच्या कामटीला लागलं की."

"लागलं की हात वर."

"हो," सरिता म्हणाली.

वाक्य पूर्ण होतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. फक्त एक शब्द नव्हता. ती वळली आणि म्हणाली, मला घरी आयला भेटायचंय, तुमचं चालू द्या. तुषार म्हणाला, "बघून जा ना एकदा." ती म्हणाली, "बघितलंय मी पुष्कळ वेळा." आणि चालू लागली, जिथं नवा रस्ता संपून गावचा रस्ता लागतो तिकडे.

पाठीमागं गाडी लांब जाताना ऐकू आली. अजून वेळ आहे, तिला वाटलं. तो वळेल, मग येईल. एवढ्यात परत जाऊन एक शब्द सांगता येईल. आधी. लागायच्या आधी. तिचे पाय पुढंच पडत होते. तिनं मनात त्याच्या ब्रेकचा हिशेब केला: पाय ब्रेकवर असेल तर उशिरा हात दिसूनही तो सावरेल, पाय मघासारखा लोंबत असेल तर नाही. तिला चंबूतला पहिला निळा आठवला, ओतून टाकलेला. माणूस ओतून टाकता येत नाही. गावच्या रस्त्याशी ती पोचली आणि थांबली, पण वळली नाही. वळलं तर तिथं रूपी उभी असलेली दिसेल, आणि त्याची काच त्या बाजूला वळलेली दिसेल. हे बघण्यापेक्षा दुसरं काहीही चालेल, असं तिच्या आतलं कोणीतरी स्पष्ट म्हणालं, आणि तो आवाज तिचाच होता.

गाडी येत होती. क्लचचा झटका. इंजिन ओरडलं, म्हणजे चाक उचललं. मग आवाज हळूहळू कमी होत गेला, जसा तो त्या जागेकडे जाताना कमी होतो, कारण तिथं गाडीला ताकद लागत नाही, तिथं कोणी धरलेलं नसतं. तिला पाठीनं सगळं दिसत होतं. आता. तिचा हात वर गेला. मूठ मिटलेली, रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून, कोणालाही न दिसणारी.

आणि त्याच क्षणी, त्याच्या नंतर नाही, मागं ब्रेक लागला. चाक खाली टेकल्याचा मऊ आवाज झाला. मग तुषारची आरोळी, आणि रूपीचं किंचाळल्यासारखं हसू: "मी भ्यायले! लागायच्या आधीच हात वर गेला माझा! कामटी कसली, काही दिसलंच नाही मला!"

"तसाच कर! तसाच भी दर वेळी!" तो ओरडला.

सरिताचा हात अजून वर होता. तो खाली घ्यायचा असतो हे तिला सुचत नव्हतं. जे तिला इतक्या रविवारांनी आलं होतं, जे तिनं आत्ता न सांगता राखून ठेवलं होतं, ते त्या मुलीला नुसत्या भीतीनं आलं. तिच्यापाशी आता काहीच राहिलं नव्हतं, ना सांगायला, ना लपवायला. भाऊ हसत होता, धडधाकट. तिचे डोळे भरले, आणि त्या पाण्यातही ती ऐकत होती, आपल्याला हाक येते का. आली नाही.

वळणावरून एक टमटम आली आणि तिच्यासमोर येऊन थांबली. आत दोन बायका आणि कोंबड्यांची पाटी. चालक बाहेर वाकला.

"तलासरी?"

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"हात केला ना बाई तुम्ही? बसा."

तिनं मूठ खाली घेतली आणि उघडली. तळव्यात नखांचे ठसे होते. एक बाई पाटी मांडीवर घेऊन सरकली. "बस गं बाय, मावतंय." ती बसली. टमटम निघाली; मागं निळ्या गाडीचा आवाज पुन्हा लांब जाऊ लागला.

"लांबून हात केला ते बरं केलं," चालक आरशातून बघत म्हणाला. "लोक काय करतात, गाडी तोंडाशी आली का मंग हात करतात. मंग ब्रेक लागतो कठं?"

सरितानं खिडकीची गार दांडी धरली. "हो," ती म्हणाली. "आधीच करावा लागतो. लागायच्या थोडा आधी."